पाच माणसांची टाकी

जगात घरमालक नाना तऱ्हेचे असतात, पण भाडेकरूपेक्षा त्याच्या संडासावर ज्याचा जास्त जीव आहे असा घरमालक फक्त माझ्याच वाट्याला आला, हे मी कुणाहीपुढं छातीठोकपणे सांगायला तयार आहे. बिदरला मराठी शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि तिथल्याच मैलूर भागात खोल्या बघायला गेलो, तेव्हा या माणसानं मला ना पगार विचारला ना जात. मूळचे मुडबीचे, उभा जन्म गवंडीकामात गेलेला, कपाळभर विभूती, अंगात बंडी. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती? अन फिनेल वापरताव का?" मी, बायको आणि लेक, असे तिघं, मी म्हणालो, फिनेल आणलं तर वापरतो. "आणायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "आमी दोघं, तुमी तिघं, पाच झाले. मागं सेप्टिक टाकी हाय, दोन्ही घरांची एकच, अन ती पाच माणसांची हाय. तिच्यात किडे हायेत, ते सगळं खातेत, म्हणून ती भरत न्हाई. किडे मेले की टाकी भरती. भरली की आत माणूस उतरवावा लागतो. माझ्या टाकीत माणूस उतरणार न्हाई. कबूल असल तर किल्ली घ्या." म्हातारा चिकट दिसतोय, साफसफाईचा खर्च वाचवतोय, असं मनात म्हणून मी किल्ली घेतली. डोक्याला केवढा ताप विकत घेतोय याची त्या वेळी कल्पना नव्हती.

सकाळी अंघोळ, मग लिंगपूजा आणि लिंगपूजेनंतर टाकी, असा अप्पांचा नेम. झाकणापाशी उकिडवं बसून, डोळे मिटून, ते दीर्घ श्वास घ्यायचे, वैद्य नाडी बघतो तसा चेहरा करायचे आणि माझ्या खिडकीकडं तोंड करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचे, "गुरुजी, आज जरा आंबूस हाय. रात्री काय खाल्लं?" दर सोमवारी टाकीला तांब्याभर ताक आणि गुळाचा खडा. त्यांची बायको, म्हणजे अव्वा, कपाळावर हात मारायची. "माझ्या भाकरीला ताक न्हाई अन टाकीला तांब्याभर. ह्या जल्मी बायकोपरीस टाकीच झाले असते तर बरं झालं असतं." मला विषमज्वर झाला तेव्हा अप्पा डॉक्टरांच्या मागोमाग घरात आले. मला वाटलं, माणूस काळजीनं आलाय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या तशी त्यांनी हळूच विचारलं, "या गोळ्या यांच्या पोटातले किडे मारतेत, ते ठीक हाय. पण पुढं टाकीतल्यांचं काय?" डॉक्टर हसत सुटले. मी तापातसुद्धा पेटलो होतो.

पण कडेलोट झाला तो तपासणीच्या वेळी. गुलबर्ग्याहून शाळेचे साहेब आले होते, बरोबर चार माणसं. दुपारचं जेवण माझ्याकडं. हात धुऊन झाल्यावर साहेबांनी जरा इकडंतिकडं पाहिलं आणि मागच्या दारी गेले. दोन मिनिटांत परत आले ते हातात तांब्या घेऊन, गोंधळलेला चेहरा घेऊन. अप्पांनी त्यांना वाटेतच गाठलं होतं. "पाच माणसांची टाकी हाय साहेब, आज दहा जण हायेत. ते बाभळीमागचं रान मोकळं हाय. बिनघोर जावा." साहेब गेले. बिनघोर गेले की कसे ते माहीत नाही, पण त्या वर्षीच्या माझ्या शेऱ्यात 'शिक्षकाचे स्वच्छतेकडे लक्ष कमी' असं एक वाक्य आलं आणि ते पुढं बरीच वर्षं माझ्या मागं लागलं.

आता पाण्याचं. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे पाण्यात विरघळलेला दगड. तुरीची डाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा न दाणा मोजून घ्या. साबण घासून घासून संपायचा, फेस म्हणून यायचा नाही. बंबाला आतून बोटभर पांढरा थर, आणि बायकोच्या हातांना अशा भेगा की ती रात्री कणीक मळताना रडायची. माझा मेव्हणा सोलापूरला चादरी रंगवायच्या कारखान्यात होता. तिथं पाणी मऊ करायचं यंत्र असतं. बहिणीचे हात बघून त्यानं तसलंच एक छोटं यंत्र करून आणलं: कमरेएवढं लोखंडी नळकांडं, नळाच्या दोन चाव्या आणि आत राजगिऱ्यासारखे पिवळे दाणे. पाणी त्यातून गेलं की दगड दाण्यांना चिकटतो, पाणी मऊ होतं. फक्त दर रविवारी पाच किलो खडेमीठ पाण्यात कालवून आतून सोडायचं, म्हणजे दाणे धुऊन निघतात. पहिल्या दिवशी डाळ अर्ध्या तासात शिजली. बायकोनं वाटीभर वरण अप्पांकडं पाठवलं, आणि चूक झाली ती तिथंच.

अप्पा वाटी घेऊन आले. वरणाची स्तुती केली, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे मिठाचं पाणी जायलंय कुठं?" मोरीत, मी म्हणालो. मोरी टाकीत जाते हे मला माहीत होतं, त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं, कारण ती त्यांनीच बांधली होती. ते मोरीच्या तोंडावरच मांडी घालून बसले. "गुरुजी, तुमी शिकलेले. लोणच्यात मीठ कामून घालतेत? किडे व्हऊ नयेत म्हणून. अन माझ्या टाकीत किडेच पायजेत. तुमी माझ्या टाकीचं लोणचं घालायलाव." यंत्र काढा, नाहीतर खोली सोडा, असा निर्वाणीचा हुकूम झाला. मीही चिडलो होतो. सामान बांधायच्या गोष्टी सुरू केल्या. पण तोवर अव्वानं आमच्याकडून दोन घागरी मऊ पाणी नेऊन स्वतःची डाळ शिजवली होती. तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "ते यंत्र गेलं तर माझी चूल बंद."

मग अप्पांनी तोडगा काढला. पुढच्या रविवारी, माझा चहा व्हायच्या आत, दारात दोन बादल्या वाजल्या. यंत्रातून निघालेलं खारं पाणी एका पिंपात धरायचं आणि बादल्यांनी गल्लीपलीकडच्या मुरमाच्या माळावर नेऊन ओतायचं. दहा-बारा खेपा. सत्तरीचा घरमालक भाडेकरूचं सांडपाणी वाहतोय, आणि भाडेकरू ओट्यावर चहा पितोय! गल्लीतल्या बायका तोंडावर पदर धरून बघायला लागल्या. पुढच्या रविवारी झक मारत मी एक बादली उचलली. तर अप्पांची कटकट: "सांडायलाव गुरुजी, तुळशीकडं सांडायलाव. पोरांना शिकवताना बी असंच सांडताव का?"

असल्याच एका रविवारी माझा ताबा सुटला. खांदा भरून आला होता, ऊन तापलं होतं. मी बादली आपटली आणि म्हणालो, "अप्पा, पुरे झालं. भरली टाकी तर भरू द्या. मी स्वतः माणूस घेऊन येतो, मी उतरवतो, मग तर झालं?"

अप्पांनी आपली बादली खाली ठेवली. रागावले नाहीत. माळाकडं बघत बोलले. "तरणा होतो तवा एका घरची टाकी बांधली. मालक म्हणला, खर्च कमी कर, ल्हान बांध. मी बांधली. चार वर्षांत भरली. दोघं भाऊ आले उपसायला. धाकटा उतरला. आवाज दिला, आवाज आला न्हाई. मग थोरला त्याला काढायला उतरला. दोरी माझ्या हातात होती, गुरुजी. वढली तर जड लागली." बादलीकडं वाकत म्हणाले, "टाकी मी ल्हान बांधली व्हती." आणि बादली उचलून चालू लागले. मी त्यांच्या मागं निघालो. त्या दिवशी मी तुळशीकडं थेंबसुद्धा सांडला नाही.

नंतरही अप्पांनी मला काही कमी पिडलं नाही. लेकीच्या वाढदिवसाला किती पोरं येणार याची यादी मागितली, मुंबईची आत्या आली तर ती किती दिवस राहणार हे तिलाच विचारलं. मी चिडायचो, अगदी पूर्वीसारखा, फक्त रविवारी मुकाट्यानं बादल्या उचलायचो. मेव्हणा एकदा सुट्टीला आला होता. आमची वरात बघून हसला. एवढ्याशा मिठानं टाकीला काहीही होत नाही, म्हणाला. खरं असेल, खोटं असेल; मला अजून माहीत नाही. मी त्याला एवढंच बजावलं की हे अप्पांच्या कानावर गेलं तर याद राख.

अप्पा एका थंडीत, चार दिवसांच्या तापानं गेले. गोळ्या चालू होत्या तोवर ते स्वतः काठी टेकत बाभळीमागं जात होते. अव्वानं आणि मी हात जोडले तरी ऐकलं नाही.

दोन वर्षांनी, इतके दिवस परगावी असलेल्या त्यांच्या मुलाला मागं दोन खोल्या वाढवायच्या होत्या. टाकी किती भरलीय हे बघायला त्यानं मिस्त्री आणला. झाकण निघालं. मी नाक न दाबता वाकून उभा होतो. मिस्त्रीनं बांबू आत सोडला, वर काढला, खूण बघितली, परत सोडला. "हातभर बी गाळ न्हाई," तो म्हणाला. "कुणी बांधली ही? हिच्यात माणूस उतरवायचं कामच न्हाई."

मागच्या दारात अव्वा उभी होती. तिला नीट ऐकू येत नव्हतं. तिनं मलाच विचारलं, "कुणी उतरलं न्हाई न्हवं, गुरुजी?"

"न्हाई अव्वा. कुणीच न्हाई."

ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता, काठोकाठ भरलेला. "झाकण लावायच्या आधी एवढं वता," ती म्हणाली. "आज सोमवार हाय."

मी ताक ओतलं. गुळाचा खडा तिनं स्वतः टाकला.