मृगाची मासोळी

गोष्टींचं धान्यासारखं नसतं. पोत्यातली ज्वारी काढली की पोतं रिकामं होत जातं. गोष्ट एक काढली की खालून दोन वर येतात! इसाक होता तोवर तर विचारूच नका. आम्ही दोघं म्हातारे ओसरीवर बसलो की त्याचं सुरू, "दिग्या, थे कोंबडीवाली सांग ना बे!" अरे, कोंबडी तूही पाहिली होतीस की! पण नाही, सांगायचीच. मग कोंबडीवरून मोगलाईचा शिपाई, शिपायावरून मामाचं धोतर. शेवटी आतून सून ओरडायची, "मामंजी, भाकरी थंड होऊन राह्यल्या!"

आता इसाक नाही. कोंबडीचं कोणी विचारत नाही, अन् मला तर सांगितल्याशिवाय करमत नाही. म्हणून तुम्ही ऐका.

आमचं गाव पैनगंगेच्या काठी. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचं राज्य. पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं. उन्हाळ्यात नदीत डोह अन् त्यांना जोडणारी बारीक धार तेवढी उरायची, अन् आम्ही पोट्टे वाळूतून चालत चालत दिवसातून कितीदा तरी राज्य बदलायचो!

माझ्या मायला दमा होता. पाण्याची घागर आणायची तर वाटेत टेकत टेकत यायची. मला हाक मारायची तर "दि" म्हणून थांबायची, अन् "ग्या" म्हणेपर्यंत मी समोर उभा असायचो. मला फार भीती वाटायची. एखाद्या दिवशी "ग्या" येणारच नाही, असं वाटायचं.

पलीकडच्या गावचे एक वैद्यबुवा मृग लागायच्या दिवशी नदीकाठी चिंचेखाली बसून दम्याचं औषध द्यायचे. मरळ माशाचं बोटभर पिल्लू, त्याच्या तोंडात औषध भरायचं, अन् ते जिवंत पिल्लू रोग्यानं अख्खं गिळायचं. अट एकच : मासोळी घरच्याच माणसानं धरलेली पाहिजे.

बाबांना पाण्याची भीती. घोट्याच्या वर पाणी आलं की ते मारुतीचं नाव घ्यायचे. मी एकुलता एक. म्हणजे मासोळी धरणार मीच! अन् मला मासे धरण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, कारण आमची माय माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, अन् चुलीपाशी मासोळी हा शब्दसुद्धा काढायची सोय नव्हती.

बाबांनी तिला समजावलं, "खायाची थोडीच हाय? गिळाची हाय."

माय म्हणाली, "पोटात गेल्यावर... दोनी सारखंच. मेलो तरी... तोंडात घेनार नाई."

बाबा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "तू शिकून ठेव."

*

गुरू मिळाला तो भिका मामा. मायचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहायचा. कामाला हात लावायचा नाही, पण लेक्चर कोणत्याही विषयावर! शिष्य तिघं : मी, पिंजाऱ्याचा इसाक, अन् माझी चुलतबहीण रुख्मी. ती आमच्याहून मोठी, अन् कोणाच्या बापाला न भिणारी.

मामानं पहिलाच हुकूम सोडला, "पान्याजवळ जायाचं नाई! पह्यले हात बसला पाह्यजे."

शेवरीची काठी, अंबाडीचा दोरा, वर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, अन् रुख्मीनं गोधडीची सुई चुलीत तापवून वाकवलेला गळ. एवढं सामान घेऊन आम्ही भर उन्हात कोरड्या अंगणात उभे! मामा बाजेवर लोळत ओरडायचा, "ओढ! ढिल दे! आता झटका!" बरेच दिवस आम्ही शेणानं सारवलेल्या अंगणातून मासे ओढत होतो.

एक दिवस मामा म्हणाला, "आता खरं गांडूळ लाव." लावलं. काठी फिरवली, दोरा कुडापलीकडे गेला अन् काय सांगू, ओढ बसली! मी झटका दिला. कुडावरून फडफडत आली शेजारच्या काशीबाईची कोंबडी! गळ टोचला नव्हता, पण गांडूळ सोडायला ती तयार नव्हती. मागून काशीबाई, "मेलेहो, अंडे देनारी हाय माही!"

आम्ही तिघं बाजेमागे लपलो. मामा मात्र बाजेवर उठून बसला अन् काशीबाईला म्हणाला, "कोंबडी राहू द्या वो, पोराचा हात पाह्या कसा बसला!"

*

शेवटी मामा झोपला असताना आम्ही चोरून नदीवर गेलो. इसाकनं गळ टाकला, अन् नवशिक्याचं नशीब म्हणा, दीड वीत मासा लागला! पण मासाही तसाच. दोरा घेऊन पळाला तो थेट पलीकडच्या काठाला. आम्हीही मागे पाण्यात. मासा धरला अन् वर पाहतो तर निजामाच्या नाक्याचा शिपाई उभा! इकडून तिकडे काही गेलं-आलं की जकात मागायचं त्याचं काम.

"मच्छी किधर की है?"

मी रुख्मीच्या मागे सरकलो. इसाक मात्र पुढे झाला. त्याला आपल्या उर्दूची मोठी घमेंड! छाती काढून म्हणाला, "साब, पकडी तब मुंडी हमारी तरफ थी. सिर्फ दुम आपकी तरफ थी."

शिपायानं मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "बराबर बोलता है बच्चा. इन्साफ होना चाहिए." अन् त्यानं कमरेचा चाकू काढला, मुंडी कापून इसाकच्या हातावर ठेवली, अन् बाकीचा मासा घेऊन नाक्यावर गेला!

येताना रुख्मी वाटभर म्हणत होती, "चाला हो वकीलसाहेब, चाला!" इसाक ती मुंडी धरून तसाच चालला. घरी गेल्यावर त्याच्या अम्मीनं विचारलं, "बाकी का किधर है रे?" तर म्हणाला, "मोगलाई में."

*

मग रुख्मी म्हणाली, "गळ-बिळ राहू द्या. हिंगणबेट टाकू." हिंगणबेटाची फळं कुटून साचलेल्या पाण्यात टाकली की मासे गुंगी येऊन वर येतात, हे तिनं कोणाकडून तरी ऐकलेलं. ताज्या पाण्यात सोडले की पुन्हा शुद्धीवर! म्हणजे मायची मासोळी जिवंतच मिळणार. आम्ही झाडाखालची फळं वेचून वेचून दगडावर कुटली अन् टोपलीभर चोथा डोहात ओतला.

पण डोह साचलेला असावा लागतो. आमचा वाहता निघाला! मासे काही आले नाहीत. आला तो फेस. जिकडे पाहावं तिकडे पांढरा फेस, अन् तो सगळा वाहत वाहत खाली धुण्याच्या दगडांकडे! हिंगणबेटानं कपडे धुतात, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. खाली साऱ्या बाया धुणं धूत होत्या. आता शिव्या बसणार म्हणून आम्ही झुडपात लपलो.

तर खालून काशीबाईचा आवाज, "कोन हाय गा वरते? आज लय निर्मळ निघून राह्यले कपडे! उद्या बी या रे पोट्टेहो!"

*

मृग जवळ आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. मायचा दमाही वाढला होता. शेवटी मरळीची पिल्लं रुख्मीलाच दिसली. वरच्या डोहात, लव्हाळ्याच्या कडेला, लालसर रंगाचा घोळका. मी गळ काढला तर तिनं डोक्यावर हात मारला, "येडा हायेस का बे? पिल्लाच्या तोंडापेक्षा गळ मोठा!" खरंच की! एवढे दिवस अंगणात कवायत केली, अन् पिल्लाला गळ लागतच नाही, हे त्या मास्तरालाही माहीत नव्हतं.

पिल्लं धरायला कापड पाहिजे, पातळ अन् लांब. मामा डोहाच्या पलीकडच्या टोकाला आंघोळ करत होता अन् त्याचं धोतर दगडावर. रुख्मीनं माझ्याकडे पाहिलं, मी इसाककडे पाहिलं. धोतर आमच्या हातात आलं!

दोन टोकं आम्ही धरली, इसाक पिल्लं हाकायला पाण्यात उतरला. त्या घोळक्याखाली त्यांची आई राखणीला असते, हे आम्हाला काय ठाऊक! हातभर मरळ उसळली अन् इसाकच्या पायाला अशी धडकली, की तो "अम्मी!" करून सरळ धोतरातच पडला. इसाक, चिखल, पिल्लं, सगळं एकत्रच वर काढलं. चिखलातून एक पिल्लू वेचून तांब्यात टाकलं, बाकीची परत सोडून दिली. मरळ तिथंच घिरट्या घालत होती. मला ते पाहवलं नाही, मी तोंड फिरवलं.

पण आनंद तर झालाच होता! मी ओरडलो, "मामा, मासोळी सापडली!"

पलीकडून गळाभर पाण्यातून मामा ओरडला, "मासोळी गेली खड्ड्यात, पह्यले धोतर आन!"

धोतराचा तर चिखल झालेला. ते धुऊन वाळेपर्यंत मामा पाण्यातच. तेवढ्यात रुख्मीनं विचारून घेतलं, "मामा, तुमी पह्यली मासोळी कधी धरली वो?"

मामा हनुवटीपर्यंत पाण्यात बसून म्हणाला, "मी कायले धरू? मी शिकोतो!"

*

पिल्लू घरी आणलं अन् गोठ्यात मडक्यात ठेवलं. मायला कळू द्यायचं नव्हतं. पण घरातली कोणती गोष्ट मायला कळत नाही? दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेलो, तर माय मडक्यापाशी बसलेली. ओल्या कणकेचे बारीक कण पाण्यात सोडत होती.

मला पाहून रागावली. एकेक शब्द तोडत म्हणाली, "पानी बदलत जाय ना रे... जीव हाय थो."

मृगाच्या आदल्या दिवशी बाबांनी तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. तिनं गळ्यातली माळ मुठीत घट्ट धरली. मग म्हणाली, "येतो मी. पन माळ काढनार नाई."

*

त्या वर्षी मृग कोरडाच लागला. बाबांनी काठापर्यंत बैलगाडी नेली. आमच्या बाजूचा काठ म्हणजे उभी चढण. उतरतानाच मायला धाप लागली, बसली, उठली, पुन्हा बसली. बाबा म्हणाले, "येतांनी पाठीवर घेतो तुले." माझ्या हातात तांब्या, तांब्यात पिल्लू. इसाक अन् रुख्मी गाडीपाशीच थांबले.

वाळू तुडवत पलीकडे गेलो, तर चिंचेखाली माणसंच माणसं. कोणी खोकतंय, कोणी छाती धरून बसलंय. बुवा पिल्लाच्या तोंडात पिवळं औषध भरायचे, रोग्याच्या जिभेवर ठेवायचे अन् म्हणायचे, "मिट तोंड. गीळ." की झालं!

मायची पाळी आली. तिनं डोळे मिटले अन् तोंड उघडलं. शेपटी ओठांवर एकदा फडफडली, अन् तोंड बंद झालं.

"गेली?" बुवांनी विचारलं.

मायनं मान हलवली. बाबांचे डोळेच भरून आले. ते बुवांच्या पाया पडायला वाकले, अन् माय वळून चालायला लागली.

मी मागे धावलो. ती पळत नव्हती, पण थांबतही नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, गाल हलत होते, नाकानं श्वास चाललेला. वाटेत एका बाईनं विचारलं, "गेली का वो बाई?" मायनं पुन्हा मान हलवली. मला वाटलं, मासोळी घशात अडकली! "माय! माय, बोल ना वो!" मी रडायलाच लागलो. घागरीपायी टेकणारी माझी माय, ती अख्खी वाळू एका दमात तुडवून गेली. एकदाही खोकली नाही.

डोहापाशी तिनं गुडघे टेकले, ढोर पाणी पितं तसं तोंड पाण्यात घातलं, अन् उघडलं.

पिल्लू क्षणभर तिच्या हनुवटीखाली तसंच राहिलं. मग शेपटी हलली, अन् गेलं.

"पोहली," माय म्हणाली.

तिनं चूळ भरली, ओल्या हातानं गळ्यातली माळ डोळ्यांना लावली, माझं नाक पदरानं पुसलं. मग उठली अन् काठ चढायला लागली. मी मागे अन् ती पुढे. वर जाऊन गाडीत बसली, तेव्हा मलाच धाप लागली होती.

बाबा मागून पळत आले. तिला वर पाहून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"बाप्पा! चढली का तू? पाह्यलं का दिग्या, याले म्हंतेत मासोळीचा गुन!"

"हौ," माय म्हणाली, "मासोळीचाच गुन हाय."