नेऱ्याच्या ठकीबाईंना आलेला फोन

इथले अनुभव मी वाचते ते करमणूक म्हणून. बहुतेकांना काही ना काही कारण सापडतं असं माझं मत होतं, आणि खरं सांगायचं तर आजही भुताखेतांवर माझा विश्वास बसलेला नाही. तरीही हे लिहितेय, कारण ओळखीच्या कुणाला तोंडावर सांगायची हिंमत नाही.

मी पनवेलला राहते. छोट्या ऑफिसांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर एका ट्रस्टचं डायलिसिस सेंटर आहे. तिथला सर्व्हर फार रखडायला लागला म्हणून गेल्या वर्षी एका गुरुवारी मला बोलावलं. काउंटरवरच्या शुभांगीताई म्हणाल्या, काहीही बंद करण्याआधी मला एकदा विचार. मी हो म्हटलं, पण मनात म्हटलं, यांना काय विचारायचं...

मागे काय काय चालू आहे त्याची यादी काढली. प्रिंटर जोडलेलाच नव्हता, पण त्याची सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, चालू. ब्लूटूथची चालू. कुणी न वापरणारी मेलची चालू. ती सगळी बंद केली. शेवटी एक उरली – नाव फक्त ‘एसजीव्ही’. आधीच्या माणसाने स्वतः लिहिलेली, कुठे एक ओळ माहिती नाही. दोन तास लक्ष ठेवलं, तिने काहीच केलं नाही. ताई पाच पावलांवर बसल्या होत्या. मी न विचारता तीही बंद केली. पुन्हा आपोआप सुरू होणार नाही अशी.

सोमवारी सकाळी ताईंचा फोन. एक मशीन दुरुस्तीला गेल्यामुळे पाच पेशंटचा बुधवार बदलून सोमवार केला होता. आदल्या संध्याकाळी सहा वाजता सर्व्हरवरून त्यांना रेकॉर्ड केलेला फोन जायचा, तो कुणालाच गेला नव्हता. एसजीव्ही म्हणजे सांगावा, तो फोन लावणारी सर्व्हिस. ती फक्त संध्याकाळी जागी व्हायची.

मी धावत पोचले. रस्ताभर ठरवलं होतं की सरळ कबूल करायचं. ताई एकेकाला फोन लावत होत्या. पाचांपैकी एकच पेशंट आली होती – नेरे गावच्या ठकीबाई. साठीच्या, वीटभट्टीवर काम केलेल्या, एकट्याच एसटीने येणाऱ्या. मी ताईंशी दोन वाक्यं बोलले असेन, तेवढ्यात ठकीबाई बाकावरून म्हणाल्या,

“बाय, तूच ना फोन केलास काल? आवाज वलखला मी.”

मी म्हटलं, कसला फोन?

“बुधवारी नको, उद्याच ये म्हनालीस. आनि म्हनालीस, माजी चूक झाली, माफ कर.”

मी त्या बाईंना त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

त्यांचा साधा बटणांचा फोन ताईंनी बघितला. रविवारी सहा वाजून चार मिनिटं, नंबर सेंटरचाच. रविवारी सेंटर बंद असतं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. “तू केलास का गं?”

आणि मी हो म्हटलं.

एकदा हो म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. सर्व्हिस बंद पडल्याचं मला रविवारी घरून दिसलं, मी घरूनच सर्व्हरवरून सगळ्यांना फोन लावत होते, एकच लागला... ताईंनी माझा हात धरला. निदान तुझं लक्ष तरी होतं, म्हणाल्या.

उरलेल्या चौघांपैकी तिघे दुपारपर्यंत आले. चौथे आपटा गावचे एक काका, त्यांचा फोन दिवसभर लागला नाही. मंगळवारी श्वास लागलेल्या अवस्थेत त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं, आठ दिवस तिथे होते. वाचले.

नंतर मी सगळं तपासलं. सर्व्हरच्या नोंदीत रविवारी एकही कॉल नाही. फोन कंपनीच्या यादीतही नाही. रेकॉर्डिंग ताईंच्या आवाजातलं आहे, माझा आवाज त्या सर्व्हरवर कुठेच नाही. रविवारी सहाला मी घरी मेथी निवडत होते, आणि तेव्हा माझी चूक झालीय हे मला माहीतसुद्धा नव्हतं. सर्व्हिस पुन्हा चालू केली, तिच्या फाइलमध्ये ती काय करते तेही लिहिलं. त्या फोनचा उलगडा मात्र आजपर्यंत झालेला नाही, आणि पुढे होईल असं वाटत नाही.

काका घरी आल्यावर त्यांची मुलगी सेंटरमध्ये आली होती. ताईंनी माझी ओळख करून दिली – हिनेच त्या दिवशी फोन लावले होते. तिने विचारलं, बाबांना किती वेळा लावला होता?

मी म्हटलं, तीन वेळा.

ती ओशाळली. “आमच्या घरात रेंजच नसते हो. आमच्यामुळे तुम्हाला उगाच त्रास झाला. सॉरी.”

मी तिला म्हटलं, असू दे.