ढब्बूची उजवी किडनी

दादा तिला चिकट म्हणायचा आणि त्यात कौतुक फारसं नसायचं. दोघा भावंडांच्या जनावरांच्या दवाखान्यात तो ऑपरेशनं करायचा, ती सोनोग्राफी. पोटातला एखादा अवयव दिसला नाही की दादा पुढे सरकायचा. ही मात्र मशीनपुढे ठाण मांडायची. जे दिसलंच नाही त्याच्यापुढे ‘ठीक’ लिहायचं नाही, हा तिचा हट्ट. बाहेर रांग वाढायची, पिंजऱ्यातली मांजरं शिव्या घालायची, पण बाईसाहेब ढिम्म हलायच्या नाहीत.

ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती तेव्हा ढब्बू आला. नाव ढब्बू, अंगाने काठी. एका निवृत्त बस ड्रायव्हरकाकांचा हा उंच, खोल छातीचा कुत्रा. त्याच्या लघवीतून रक्त जात होतं. दादाने स्वतःच सोनोग्राफी केली. डावी किडनी भलतीच मोठी दिसली आणि तिला एका अंगाला फुगवटा. उजवीच्या आड आतड्यातला वायू आला. रक्ताच्या तपासण्या चांगल्या होत्या, म्हणजे उजवी ठीकच असणार, असं धरून त्याने तसं लिहूनही टाकलं. मग काकांना समजावलं, डावीत गाठ आहे, काढून टाकू, एका किडनीवर कुत्री मजेत जगतात. एका किडनीचं ते खरंच होतं.

ती कामावर परतली त्या सकाळी ढब्बू गुंगीत टेबलावर पडलेला, पोटावरचे केस काढलेले, दादाचे हात धुऊन झालेले. तिने रिपोर्ट वाचला आणि उजवी एकदा बघू दे म्हणाली. दादा वैतागला. गुंगी उतरली तर पुन्हा द्यावी लागेल, आणि इतक्या वर्षांनी माझ्यावर भरवसा नाही का, असं बरंच बोलला.

“भरवसा आहे रे,” ती म्हणाली. “पण तुला ती दिसली होती का?”

दादा टेबलापासून बाजूला झाला. तिने मशीन ओढून घेतलं.

उजवी किडनी बरगड्यांखाली, यकृताच्या खोबणीत बसलेली असते. ऑपरेशनसाठी ढब्बूला उपाशी ठेवलेलं, त्यामुळे आज वायूचा अडथळा नव्हता. तिने खालून पाहिलं, कुशीवरून पाहिलं, दोन बरगड्यांच्या फटीतून पाहिलं. खोबणीत किडनीऐवजी आतड्याचं वेटोळं होतं. तरी ती घाई करेना. तिने डावीकडे मोर्चा वळवला आणि तो फुगवटा आडवा-उभा तपासला. बाहेरचा थर, आतला थर, मधली रेघ, सगळं जिथल्या तिथे. रक्तवाहिन्याही शिस्तीत फांद्या फोडत गेलेल्या. गाठ असती तर या सगळ्याचा विस्कोट झाला असता. शेवटी तिने मूत्राशय पाहिलं. दादाने तपासलं तेव्हा ते रिकामं होतं. आज भरलेलं होतं आणि तळाशी खडे चमकत होते.

“दादा, उजवी नाहीच आहे. जन्मापासून नसणार. डावी दोघींचं काम करतेय, म्हणून वाढलीय. गाठबीठ काही नाही. रक्त येतंय ते खड्यांमुळे.”

दादाने पडद्यावर सगळं पुन्हा दाखवायला लावलं. तिने दाखवलं. त्याने हातमोजे काढले, मग ढब्बूच्या पोटावर नुसताच हात ठेवला. काकांशी मी बोलते, ती म्हणाली. तो नको म्हणाला.

बाकावर काका पट्टा मुठीत घट्ट धरून बसले होते. दादा त्यांच्यासमोर उभा राहिला.

“काका, चूक माझी आहे. त्याला एकच किडनी आहे, आणि तीच मी आज काढणार होतो.”

काकांना समजायला थोडा वेळ लागला. ते रागावले नाहीत, निदान तेव्हा तरी नाही. दाराच्या काचेतून त्यांनी आत पाहिलं. ती ढब्बूच्या पोटावरची जेल पुसत होती.

“त्या बाई कोण?”

“माझी बहीण,” दादा म्हणाला. “फार चिकट आहे.”