फाटक, उलथनं आणि काकू

पेशीच्या दारावर रिसेप्टर असतो, हे मला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी शिकवलं. आता बोला! कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत ते आधीपासूनच चालू होतं, फक्त त्याला मार्क मिळत नव्हते.

गल्लीतला फोन शेजारच्या काकूंकडं. त्यांचं आणि आमच्या आईचं बोलणं बंद. कारण विचाराल तर चटणी! काकू फार वर्षांपूर्वी चार बायकांत म्हणाल्या होत्या, "औंदा तुझ्या चटणीत लसूण कमी पडलाय." झालं. आईनं तोंड फिरवलं आणि काकूंनी शपथ घेतली, या घराचा उंबरा ओलांडणार न्हाय, घरातल्या माणसाशी बोलणार न्हाय. पण आमचे फोन घेणं त्यांनी सोडलं नाही. फोन आला की त्या उलथनं घेऊन यायच्या आणि आमचं फाटक खणाखणा वाजवायच्या. मग पुढच्या खोलीतले भाडेकरू मास्तर बाहेर जाऊन निरोप घ्यायचे आणि आत येऊन सांगायचे. खिडकीत उभ्या आईला सगळं ऐकू आलेलं असायचं. तरी मास्तर सांगेपर्यंत ती ढिम्म.

पुस्तकात अगदी हेच. संप्रेरक, म्हणजे हार्मोन, बाहेरून येतं, रिसेप्टरला धडकतं, आत पाऊल टाकत नाही. आत पळापळ करतो तो सेकंड मेसेंजर, आणि एकाचे दहा करतो. एक पाव्हणा येणार असला तरी मास्तर असं सांगायचे की आई परातभर कणीक भिजवायची.

त्या वर्षी ताई शिरोळला सासरी होती, दिवस भरलेले. तिचं पहिलं बाळ गेलं तेव्हा आई वेळेवर पोचली नव्हती, आणि ते आईला आतून खात होतं. या खेपेला कळा सुरू झाल्या की भाऊजींनी फोन करायचा आणि आईनं तडक निघायचं, असं ठरलं होतं.

एका दुपारी फाटक वाजलं. मास्तर नेमके गावाला गेलेले. आई हातातलं लाटणं धरून नुसती उभी राहिली. मी धावले.

"मास्तर कुठाय?" काकू.

"गावाला गेलेत. मला सांगा की!"

"तुला कसं सांगू? शपथ हाय माझी."

डोकंच फिरलं माझं. "काकू, ताईचा फोन हाय ना?" मी ओरडले.

काकूंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा उलथन्याकडं. "मसणात गेली ती चटणी!" म्हणाल्या आणि मला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात.

"लेकीला कळा लागल्यात. हल की बाई!"

आई मटकन खालीच बसली. काकूंनीच पलंगाखालची ट्रंक ओढली, मऊ जुनी लुगडी काढली, फडताळातला बाळंतकाढा पिशवीत घातला. इतक्या वर्षांनी घरात आलेली बाई, पण कुठं काय ठेवलंय हे एकदाही विचारलं नाही. आईला रिक्षात बसवून म्हणाल्या, "तू जा. मी फोनपाशी बसते."

चरबीत विरघळणारी संप्रेरकं थेट पेशीत घुसतात, हे पुढच्याच धड्यात होतं. काकू अंगानं चांगल्या भरलेल्या. वाचताना मला हसू आवरेना.

संध्याकाळी पुन्हा फाटक वाजलं. काकू फाटकाबाहेर, हातात उलथनं.

"आत या की काकू."

"का म्हणून? लसूण कमीच हुता." मग त्यांचा आवाज फुटला. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. तुझी आई येळेवर पोचली गं."

मी त्यांच्या समोरच उभी होते. तरी काकू रडत रडत फाटक वाजवतच राहिल्या.