ताईच्या पीसीवरची रुईफुलाची किनार

भूत, आत्मा, संकेत वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. आमच्या लालबागच्या चाळीत कॉमन संडासात एक बाई दिसते म्हणायचे. मी विचारायचो, "तिला तरी लाईन लावावी लागत नाही ना?" असा मी. तेव्हा पुढचं वाचून हसावंसं वाटलं तर खुशाल हसा…

माझी मोठी बहीण, माधुरीताई, दादरच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. आमचे वडील, आप्पा, गिरणीत साचे चालवायचे, म्हणजे मागावर कापड विणायचे. संपानंतर गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. एके काळी आख्ख्या साचेखात्यात रुईफुलाची किनार विणावी तर आप्पांनी, असं त्यांचं नाव होतं. त्यानंतर वॉचमनची खाकी अंगावर आली ती म्हातारपणापर्यंत. ताईने ठरवलं की ती किनार गणिताच्या समीकरणांतून कम्प्युटरवर उभी करायची. गणिताचं एक सॉफ्टवेअर होतं तिच्याकडे, आकडे घातले की चित्र काढून देणारं. रात्रंदिवस तेच वेड! "आप्पा, दसऱ्याला दाखवते," म्हणाली होती.

त्या श्रावणात कावीळ झाली आणि ताई गेली. चांगलं हसतंखेळतं माणूस, पंधरवड्यात संपलं.

त्यातच पीसीची हार्ड डिस्क बसली. नवी टाकली, पण ती कोरी. ताईची फाईल तेवढी फ्लॉपीवर वाचली होती, तिच्या पर्समध्ये मिळाली. ती उघडायला मात्र तेच सॉफ्टवेअर हवं. आणि घाई होती… आप्पांचा डावा डोळा काचबिंदूने गेलेला आणि उजवाही चालला होता. परळच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जे बघायचंय ते आत्ता बघून घ्या. आप्पांना बघायची होती फक्त ती किनार.

म्हणून दसऱ्याच्या दिवशी, सुट्टी होती, मी सकाळीच ताईच्या सीडीवरून ते इन्स्टॉल करायला बसलो. आप्पा बाजूला स्टुलावर. अर्ध्याच्या जरा पुढे गेलं आणि थांबलं. स्क्रीनवर इंग्रजीत एरर, सीडीवरची फाईल वाचता येत नाही म्हणून. रिट्राय दाबलं, पुन्हा तेच. मशीन रीस्टार्ट केलं, अँटीव्हायरस बंद केला, सगळी सीडी आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून बघितली. सगळं मुसळ केरात. शेवटी सीडी काढून उजेडात धरली, तर चकचकीत बाजूला वाळलेली हळद आणि त्यावर कुंकवाचं बोट!

"आप्पा, हे काय?"

"काल खंडेनवमी नाय काय? हत्याराची पूजा केलंय."

"अहो, ताईला जाऊन वर्ष झालं नाही. सण करायचा नसतो ना?"

"सण खंय केलंय? पण हत्यार उपाशी ठेवूचा नसता, बाबू. तिचा हत्यार ता." मग घाबरून म्हणाले, "चकचकीत बाजूकच लावलंय. तीच कामाची बाजू मां?"

गिरणीत नवमीला साच्याला हळदकुंकू लावलेला हात तो. मी सीडी स्पिरिटने पुसली. कुंकू गेलं, पण पिवळा डाग राहिला आणि त्यावर पुसण्याचे चरे उमटले. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच अडकली. आप्पा नुसते स्क्रीनजवळ तोंड नेऊन त्या एररकडे बघत राहिले.

दादरला उल्हासचं कम्प्युटरचं दुकान होतं. तो डाग काढून देईल म्हणून सीडी कव्हरमध्ये घातली, कव्हर बॅगेत टाकलं आणि निघालो. मशीन तसंच चालू होतं, स्क्रीनवर एरर, ड्राइव्हमध्ये ताईची फ्लॉपी. उल्हासने दोन-तीन ड्राइव्हमध्ये घालून बघितली आणि मान हलवली. "गेली रे ही." दुकानात नुकतीच पूजा झालेली, त्याने पेढा दिला, चहाला बसवलं. मीही बसलो. घरी जाऊन आप्पांना सांगायचं जिवावर आलं होतं.

परत आलो तेव्हा दार लोटलेलंच होतं. आप्पा स्क्रीनला नाक लावून बसलेले आणि गालांवरून पाणी वाहत होतं. स्क्रीनवर किनार होती… लाल-पिवळी रुईफुलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"खंय गेल्लंस रे? ताई इली होती. म्हणाली, आप्पा, जरा सरा… आणि बसली हयसर. एक धागो तुटाक नाय बघ."

मी चपलांसकट आत आलो.

"तुझी वाट बघीत होती. आत्ताच गेली."

मी सीडी ड्राइव्ह उघडला. रिकामा. सीडी माझ्या बॅगेत. आप्पांनी जन्मात कधी माऊसला हात लावला नव्हता. शेजारी विचारलं, कोणी आलं नव्हतं. उल्हासला नंतर खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "डिस्कशिवाय ते पुढे सरकणारच नाही, शक्यच नाही."

आप्पा त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत. उजेड जाईपर्यंत किनार बघत होते. दिवाळीनंतर उजवा डोळाही गेला. पण कोणी विचारलं तर सांगायचे, शेवटी काय बघितलं ते. पुढे तेही गेले. मग ती हार्ड डिस्क गेली, फ्लॉपीला बुरशी आली.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मी शोधायचंही सोडलंय. मला खुपतं ते वेगळंच… ती आली, माझी वाट बघत बसली आणि मी दादरला चहा पीत होतो.

आज ते सॉफ्टवेअर कुठूनही मिळेल. तरी दर दसऱ्याला मी तो जुना पीसी, आता दुसरी कोरी डिस्क टाकलेला, लावतो आणि तीच डागाची सीडी घालतो. अर्ध्याच्या जरा पुढे एरर येतो. मग सीडी बॅगेत टाकतो, दार नुसतं लोटून खाली जातो आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन लगेच परत येतो. आता चहाला कुठे थांबत नाही.

वर येतो तेव्हा स्क्रीनवर एरर तसाच असतो. थोडा वेळ खुर्ची रिकामी ठेवून मी आप्पांच्या स्टुलावर बसतो आणि मग मशीन बंद करतो.