मॅचिंगचा दोरा

दोऱ्याबद्दल मला कुणी सल्ला दिला की माझं डोकं फिरतं. आणि हा सल्ला मला आयुष्यभर मिळत आला आहे, न मागता.

त्याचं कारण माझा डावा पाय. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला आणि त्या पायानं पुढं वाढायचं मनावरच घेतलं नाही. सातवीपासून मी कॅलिपर घालतो. म्हणजे बुटापासून मांडीपर्यंत दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, आणि त्यांना पाय बांधून ठेवणारे चामड्याचे तीन पट्टे. एक मांडीला, एक गुडघ्याला, एक पोटरीला. गुडघ्यापाशी खटका असतो. तो लावला की पाय ताठ राहतो आणि उभं राहता येतं. सोडला की गुडघा वाकतो आणि बसता येतं. पोलादाला काही होत नाही. चामडंही पाच-सहा वर्षं निभावतं. जातो तो दोरा. घाम, पँटचं घासणं आणि माझं सत्तर किलो वजन, हे सगळं त्या बिचाऱ्या टाक्यांवर येतं.

कॅलिपर दुरुस्तीला पुण्यात दिलं की दहा दिवस परत मिळत नाही. दहा दिवस काय रांगत जायचं? म्हणून कॉलेजात असतानाच मी स्वतः शिवायला शिकलो. पिंपरीत चौकात बसणाऱ्या एका चर्मकार काकांनी आरी कशी धरायची, भोकं किती अंतरावर पाडायची, दोन बाजूंनी दोन सुया कशा घालायच्या हे शिकवलं. दोऱ्याचं मात्र ते म्हणाले, तुझं तू बघ, बूट आणि पाय यांत फरक आहे.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत स्टोअरला आहे. स्टोअरमध्ये माणसं माल न्यायला कमी आणि बोलायला जास्त येतात. मी दोरा शोधतोय हे कळल्यावर तर ताटातूट झालेले सगे भेटायला यावेत तसे लोक येऊ लागले. एकानं सांगितलं तंगूस वापर, मोठा मासा धरतो तो. मासा धरत असेल, पण गाठ धरत नाही. बसमध्ये चढताना सुटली. दुसऱ्यानं मांजा आणून दिला. त्यानं चामडं तर कापलंच, वर मांडीही कापली. कांदा मार्केटात हमाली केलेला एक जण म्हणाला, गोण्या शिवतात ती सुतळी घे, बापजन्मी तुटणार नाही. तुटली नाही. पण महिनाभर मला इतकी खाज सुटली की शेवटी मीच ती कापून काढली. आयटीतल्या चुलतभावानं दात कोरायचा मेण लावलेला दोरा दिला. तो चांगला निघाला, पण त्याला पेपरमिंटचा वास होता. चार दिवस माझ्या मांडीला टूथपेस्टचा वास येत होता आणि पाचव्या दिवशी मुंग्या आल्या.

शेवटी रविवार पेठेतल्या एका दुकानात मला हवा तसा जाड नायलॉनचा दोरा मिळाला. त्या जाडीत त्याच्याकडे एकच रंग होता, पोपटी. म्हटलं असू दे, पँटच्या आत कोण बघतंय. तो दोरा दीड वर्ष हलला नाही. तेव्हापासून या विषयात आपल्या पुढं कुणी नाही, असं मी समजायला लागलो.

आता लग्नाचं सांगतो, कारण घोळ तिथं झाला. मी बत्तीस वर्षांचा झालो होतो आणि सात घरी मुली पाहून आलो होतो. सातही ठिकाणांहून नकार. पायामुळे, असं तोंडावर कुणीच म्हणालं नाही. एका घरी मुलीला पुढं शिकायचं होतं, ती आधीच एम. ए. झालेली होती. एका घरानं पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. आम्ही बौद्ध, तेही बौद्ध. आमच्यात पत्रिका बघतच नाहीत. माझी पत्रिका त्यांनी आणली कुठून, हे मला अजून कळलेलं नाही. मी हसून सगळ्यांना सांगायचो, पण खरं सांगायचं तर सातव्या नकारानंतर मी आईला म्हणालो होतो, आता बास. आणखी एक घर बघतो आणि हा विषय कायमचा बंद.

ते आठवं घर देहूजवळ होतं. स्थळ मामानं आणलेलं. मामा मूळचा लातूरकडचा, बोलायला मोकळा. त्यानं सांगितलं की मुलगी तीस पार आहे, चाकणलाच गाड्यांची सीट कव्हरं शिवतात त्या कंपनीत आहे, आणि तिलाही बरेच जण बघून गेलेत. पायाचं त्यानं तिकडं सांगितलेलं होतं.

आईनं आधी माझ्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, तू बसलास की पँट वर जाते आणि तो पोपटी दोरा दिसतो. मी म्हटलं, दिसू दे, पायाचं त्यांना माहीत आहे.

"पायाचं सांगितलंय," आई म्हणाली, "पोपटीचं नाही सांगितलं."

एरवी मी ऐकलं नसतं. पण आठवं घर होतं, शेवटचं होतं, आणि मला ते हवं होतं. पोटरीचा पट्टा काढून मी पिशवीत घातला आणि पिंपरी कॅम्पातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेलो. तिथं ब्लाउजपीस आणि फॉल घेणाऱ्या बायकांची गर्दी. मी काउंटरवर पट्टा ठेवला आणि याला मॅचिंग दोरा द्या म्हणालो. दुकानदारानं पट्टा उजेडात धरला आणि डबा उघडला. त्यात तपकिरी रंगाच्याच वीस-पंचवीस छटा होत्या. शेजारच्या बाई म्हणाल्या चॉकलेटी नको, उठून दिसेल. दुसऱ्या म्हणाल्या काथ्या रंग घ्या, जरा जुना झाला की एकदम मिळून जातो. तिसऱ्या बाईंनी पट्टा स्वतःच्या साडीच्या काठाला लावून बघितला. हा कशाचा पट्टा, असं एकीनंही विचारलं नाही. पाऊण तास चर्चा होऊन काथ्या रंग ठरला. दोरा सुती होता आणि साडीला फॉल शिवायच्या कामाचा होता, याकडे माझं लक्षच गेलं नाही. म्हणजे गेलं, पण रंग इतका सुरेख जमला होता की मी स्वतःची समजूत घातली. चार पदर करू, मेणबत्ती घासू, काय होतंय. घरी येऊन तिन्ही पट्टे उसवले आणि नव्यानं शिवले. इतकं देखणं कॅलिपर मी आजवर घातलं नव्हतं.

मे महिना होता. आठ दिवस मी तेच घालून कामावर गेलो आणि तो सुती दोरा रोज घामानं भिजला. नवव्या दिवशी, रविवारी, मी, आई आणि मामा त्यांच्याकडे गेलो.

घर पहिल्या मजल्यावर. जिना बाहेरून, उभा, कठडा नाही. सहाव्या पायरीवर मांडीपाशी टक् असा आवाज झाला. मी तो आवाज झोपेतही ओळखीन. आठव्या पायरीवर दुसरा झाला. मी दात आवळून कसाबसा वर पोचलो, समोर दिसलेल्या पहिल्या खुर्चीवर बसलो आणि खटका सोडला. सोडताना हात लावून पाहिलं, तर मांडीचा पट्टा एका बाजूनं पूर्ण सुटला होता. मांडीचा पट्टा नसला की खटका लावून उपयोग नाही, गुडघा मोडतो आणि माणूस खाली येतो.

मी ठरवलं की आता इथून उठायचं नाही. सगळे खाली जायला निघाले की मामाला कानात सांगायचं. पोहे आले. मुलीनं आणून दिले. सावळी, उंच, केस घट्ट बांधलेले, नजर सरळ. पगार, शिफ्ट, कंपनीची बस कुठं थांबते, हे सगळं बोलून झालं. तिच्या तोंडून ऐकलेलं प्रत्येक वाक्य मला आवडलं, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

मग तिचे वडील म्हणाले, "पोरांना जरा वर गच्चीत जाऊ द्या की. बोलतील दोघं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, नको, इथंच बरं आहे.

मुलानं एकट्यात बोलायला नको म्हणणं म्हणजे काय, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. आई माझ्याकडे बघतच राहिली. मामानं टेबलाखालून लाथ मारली, ती नेमकी पोलादी पट्टीवर बसली आणि तोच कळवळला. "ऊठ की, काय करायलास," तो दबक्या आवाजात म्हणाला.

मुलगी उठली आणि पोह्याच्या बशा गोळा करायला लागली. चमचे एका बशीत, बाकीच्या बशा तिच्याखाली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. मला ते बघवेना, कारण तो चेहरा माझा होता. सात घरांतून निघताना मी असाच उठलो होतो, शर्ट नीट करत, काही झालंच नाही असा. तिला वाटलं होतं की मी तिला नाकारलं. आणि मी गप्प बसलो तर माझी अब्रू वाचणार होती.

मी म्हणालो, "मला उठता येत नाही. पट्ट्याचा दोरा तुटलाय."

कुणाला काही कळलं नाही. तिला कळलं. तिनं बशा खाली ठेवल्या.

"कुठला दोरा होता?"

"सुती," मी म्हणालो. "चार पदरी. मेण लावून."

"घामाच्या जागेला सुती?" ती म्हणाली. हे तिनं ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात ती रोज लाइनवरच्या पोरांना विचारत असणार.

पुढं काय झालं ते मी आजही कुणाला पूर्ण सांगत नाही. मामानं आणि तिच्या वडिलांनी मला धरून आतल्या खोलीत नेलं. वडिलांनी स्वतःची लुंगी दिली. मी कॅलिपर काढून त्यांच्या हातात दिलं आणि ते बुटासकट बाहेर घेऊन गेले. ज्या घरची मुलगी बघायला आलो त्या घरच्या पलंगावर मी लुंगी नेसून बसलो होतो आणि पडद्यापलीकडे सगळे माझ्या पायाभोवती जमले होते. आईशिवाय कुणी ते कॅलिपर हातात घेतलेलं मला चालत नसे. मला रडू यायला लागलं होतं आणि रागही आला होता, दोन्ही एकदम.

बाहेर तिनं तपासणी सुरू केली होती. टाके सरळ आहेत, तिनं मान्य केलं. अंतरही सारखं आहे. मग ती थांबली आणि तिनं आवाज चढवून मला विचारलं की याआधी काय वापरत होता. मी अभिमानानं सांगितलं, जाड नायलॉन, दीड वर्ष तुटला नाही. ती म्हणाली, तेच तर. तो तुटला नाही आणि त्यानं भोकं फाडली. इथं बघा, चामडं ताणून लांबट झालंय. मामा उगाच हं हं करत होता. मग ती त्यालाच समजावून सांगू लागली. त्यांच्या कंपनीच्या सीटला जिथं आतून एअरबॅग असते तिथली शिवण मुद्दाम कमी ताकदीच्या दोऱ्यानं घालतात, म्हणजे वेळ आली की ती तुटून फुग्याला वाट देते. तिथं कुणी भारी दोरा घातला तर माणूस मरेल. दोरा भारी कुठला हे विचारायचंच नाही, तो कुठल्या जागेला आहे ते विचारायचं. चामड्याआधी दोरा गेला पाहिजे. दोरा परत घालता येतो, चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही.

मी आत बसून हे ऐकत होतो. पंधरा वर्षं मी हे पट्टे शिवत होतो, स्वतःला या विषयातला मोठा माणूस समजत होतो, आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. लुंगीत बसलेल्या माणसाला वाद घालणंही शोभत नाही.

तिच्याकडे पॉलिएस्टरचं एक रीळ होतं. मशीनवरच्या मोठ्या रिळाच्या, म्हणजे कोनच्या, तळाशी उरलेला दोरा त्यांच्या कंपनीत घरी न्यायला देतात. भोकं आधीची होतीच, त्यामुळे आरी लागली नाही. अर्ध्या तासात मांडीचा पट्टा झाला, मग गुडघ्याचा. मध्येच ती पडद्यापाशी आली आणि हळू आवाजात तिनं विचारलं, "जिना चढताना दुखतं का?"

आधीच्या सात घरांत हे कसं झालं, कधी झालं, पुढं वाढणार तर नाही ना, मुलांना तर होणार नाही ना, हे सगळं विचारून झालं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, हो, दुखतं. आईलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

कॅलिपर आत आलं. मी ते घातलं, पँट चढवली, खटका लावला आणि बाहेर येऊन उभा राहिलो. पट्टा मांडीला असा बसला होता की मला तो जाणवेचना. तिचा दोरा काळा होता. कशालाच मॅच होत नव्हता.

निघायची वेळ झाली. मामानं घसा साफ करून तिच्या वडिलांना विचारलं, मग आम्ही काय समजायचं? वडिलांनी मुलीकडे पाहिलं.

"पोटरीचा पट्टा राहिलाय," ती म्हणाली. "दोरा संपला. पुढच्या रविवारी यावं लागेल."

मामाचा चेहरा पडला. चपला घालताना तो आईला म्हणत होता की सरळ उत्तर द्यायला लोकांना काय होतं, दोऱ्याचं निमित्त कशाला. मी दारात वळून पाहिलं. रीळ तिच्या हातातच होतं आणि त्यावर अजून भरपूर दोरा होता. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे तिनंही पाहिलं, आणि तिनं हात मागं घेतला नाही.