लाल तिकोनाचं औषध

समजा, तुम्हाला फवारणी शिकवायची आहे. समोर समाजमंदिरात बसलेली माणसं मिसरूड फुटल्यापासून फवारत आली आहेत. फळा नाही, हजेरी नाही, नापास करायची धमकी नाही. मागच्या आठवड्यात त्यांच्यातले दोघं फवारता फवारता उभ्या कपाशीतच कोसळले, दवाखान्यात पोचले. वरून एक साहेब येऊन सांगून गेला की चूक तुमचीच, हातमोजे घातले नव्हते. आता बोला. पहिलं वाक्य काय म्हणाल?

दर्यापूरच्या नगमाला हेच काम करायचं होतं. अमरावतीला विद्यापीठात तिने शिक्षणशास्त्रात एम.ए. केलं, बी.एड.कडे फिरकलीही नाही. शाळा सुटलेली मोठी माणसं कशी शिकतात आणि शिकवलेलं का टाकून देतात, याचं तिला वेड होतं. घरी ते कोणाला पटलं नाही. अब्बा मोईज गाद्या भरायचे. दुकानात टेकलेलं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, पोरगी कोण्या शाळेवर लागली? चुलत भाऊ शाहनवाज तर गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, "शिक्षणाचं शिकली आन् मास्तरीण नाही. मंग काय, शाळेची घंटा वाजवनार?"

बोंडअळीच्या त्या वर्षी अकोल्याच्या एका संस्थेने तिला या कामावर घेतलं, तेही 'काम पाहून पुढचं बोलू' या बोलीवर. नगमाने पोस्टर काढलं. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सर्वांत विषारी, हिरवा सर्वांत सौम्य. तिने तो लाल त्रिकोण दारातून दिसेल एवढा मोठा काढला, खाली लिहिलं 'सावधान'. मग म्हणाली, छापण्याआधी एका गावात दाखवून पाहू.

संस्थेचे प्रमुख केशवराव खुर्चीतून हललेही नाहीत. "लाल म्हणजे धोका, हे सिग्नलवर शेंबड्या पोराला कळतं. तुमच्या विद्यापीठाने तुम्हाला नुसत्या शंका शिकवल्या."

पोस्टरं छापून आली. दर्यापूरजवळच्या एका गावात केशवराव जातीने ती लावायला निघाले, सोबत नगमा.

"आता कावून आले? मोजे घाला सांगाले?" समाजमंदिराच्या दारातच एकाने विचारलं. "या उनात ते पलाष्टिक घालून तुमीच एक पंप मारून दाखवा, म्याडम. आमी टाळ्या वाजवतो."

केशवरावांनी भिंतीवर पोस्टर चिकटवलं.

"हे त नसबंदीचं चिन्ह हाये," मागून आवाज आला.

"लय उशीर केला, साहेब. मले चार हायेत."

हशा ओसरला तसा चंद्रभान उठला. कोसळलेल्या दोघांपैकी हा एक. हात अजून थरथरत होते. पोस्टरजवळ जाऊन त्याने ते निरखून पाहिलं आणि केशवरावांना विचारलं, "हे कोण्या दुकानात भेटते?"

"अरे, हे घ्यायचं नाही. जहाल आहे ते."

"जहाल हाये म्हनून त इचारून राहिलो. हिरव्या तिकोनाले अळी हासते. लाल मारलं का उभ्यानं मरते."

माना डोलल्या. कोणीतरी लाल डब्याचं नावही सांगून टाकलं.

नगमा पुढे झाली. "दादा, तुम्ही पडलात तेव्हा कोणतं मारलं होतं?"

"लालच."

"आणि परत तेच मारणार?"

"म्याडम, मी चुकलो, मी पडलो. औषध कुठी चुकलं? अळी त मेली. मांगं आलेला तो साहेबच म्हनाला ना, चूक मोज्याची होती."

तिने एकदा आपल्या पोस्टरकडे पाहिलं. तिने काढलेली ती लाल औषधाची जाहिरातच होती, आणि उरलेली गुंडाळी जीपमध्ये पडली होती, प्रत्येक गावासाठी. ती केशवरावांना हळूच म्हणाली, "सर, हे काढू या."

"फोटो होऊ द्या. मग बघू."

"फोटो झाल्यावर कोण काढणार?"

"तमाशा करू नका. चित्र तुमचंच आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि पोस्टर वरून खालपर्यंत फाडलं.

"घ्या. म्याडम सोताचंच फाडून राहिली." लोकांना मजा वाटली. केशवरावांना नाही. जीपचं दार ओढताना ते म्हणाले, "तुम्ही शाळेतच जा. तिथे पोरं उलटून विचारत नाहीत." उरलेली पोस्टरं घेऊन जीप पुढच्या गावाला निघून गेली. नगमा काळी-पिवळीत कोंबून दर्यापूरला आली.

दुकानात शाहनवाज बसलेलाच होता. "मंग? वाजली घंटा?"

अब्बा कापूस पसरत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. नोकरी गेली हे नगमाला कळत होतं. तरी डोक्यात भणभण होती ती दुसऱ्याच गोष्टीची. लाल म्हणजे चांगलं, हे चंद्रभानला कोणीतरी शिकवलं होतं. डिग्री नसलेल्या, पोस्टर न लावणाऱ्या कोणीतरी. दवाखान्यातून परतल्यावरही पुसलं जाऊ नये इतकं पक्कं त्या माणसाने शिकवलं तरी कसं?